डेस्कटॉपचा प्रोसेसर लॅपटॉपमध्ये घालताना घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

काजवा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतोच. मी ३डी ॲनिमेशन करतो. काम फिरतीचं, आज या स्टुडिओत तर उद्या त्या, त्यामुळे डेस्कटॉप घरी ठेवून भागत नाही. दोन वर्षांपूर्वी भरपूर चौकशी करून २४ कोअरच्या (चिपमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गाभ्यांच्या) एचएक्स प्रोसेसरचा, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्यात तगड्या वर्गातला, लॅपटॉप घेतला. कोअर इंटेलच्या डेस्कटॉप आय९ एवढेच, नावही जवळपास तेच, आणि जिथे वाचावं तिथे हेच की आतली चिप मुळात डेस्कटॉपचीच आहे.

आता होतं असं की रेंडर लावलं (सीनची अंतिम चित्रं बनवायला घातली) की पहिलं अर्धं मिनिट मशीन सुसाट पळतं. मग पंखे किंचाळायला लागतात, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट लावलं तर चटका बसतो आणि फ्रिक्वेन्सी एकदा खाली आली की रेंडर संपेपर्यंत वर जायचं नाव घेत नाही. मित्राकडे त्याच पिढीचा डेस्कटॉप आहे. एकच फाइल दोन्हीकडे लावली, त्याच्याकडे ३१ मिनिटं, माझ्याकडे ४६.

चिप तीच, नखाएवढी, ती बसवायला अशी कितीशी जागा लागते? अडतंय कुठे, जागेत, विजेत की आणखी कशात? माझं मत विचाराल तर कंपन्यांना पातळ मशीन विकायचंय म्हणून त्या मुद्दाम हात आखडता घेतात. पटत नसेल तर खोडून काढा, पण नीट समजावून सांगा ही विनंती.

निशाचर
चांगला विषय. वाचतोय.

उष्मागतिक
काजवा, चिप बसवायला जागा लागत नाही हे तुमचं बरोबर. जागा लागते ती तिच्या अंगातून निघणारी उष्णता बाहेर काढायला. माझं रोजचं काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कूलिंगचं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आपली कपड्यांची इस्त्री घ्या. १००० वॅटची, तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट. आता तुमची चिप. डेस्कटॉपच्या १३व्या पिढीच्या आय९चा सिलिकॉनचा तुकडा साधारण २५७ चौरस मिलीमीटरचा, म्हणजे अडीच चौरस सेंटीमीटरच्या जरा वर. त्यातून १५० वॅट काढायचे म्हटले तर दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ ५८ वॅट झाले. इस्त्रीच्या दहापट तर नक्कीच. शिवाय इस्त्री दीडशे अंशाच्या वर तापवायची असते, तर चिप १०० अंशाच्या आत ठेवायची असते. आणि ही नुसती सरासरी झाली, पूर्ण ताकदीने पळणाऱ्या कोअरच्या खालचा ठिपका त्याहून कितीतरी तापतो.

आता ही उष्णता जाते कशी ते बघा. सिलिकॉनमधून पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्याच्या पट्टीत, पट्टीतून हीट पाइपमध्ये, तिथून पातळ पात्यांच्या जाळीत आणि जाळीतून हवेत. डेस्कटॉपमध्ये शेवटच्या टप्प्याला १५-१६ सेंटीमीटर उंचीचा, किलोभर वजनाचा हीटसिंक आणि १२० मिमीचा पंखा असतो. लॅपटॉपमध्ये जाळीची उंची मोजायची ती मिलीमीटरमध्ये.

हवेचा हिशोब तर शाळेतला आहे. १५० वॅट बाहेर काढायचे आणि हवा २० अंशाने तापू द्यायची म्हटलं तर सेकंदाला सहा लिटरच्या वर हवा आरपार जायला हवी. मोठ्या पंख्याला हे हळूहळू फिरूनही जमतं. लॅपटॉपच्या चपट्या पंख्यांना तेवढीच हवा त्या फटींमधून ढकलायची तर जीव तोडून फिरावं लागतं. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण त्याला लागणारी ताकद आठपट होते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. तुमचे पंखे किंचाळतात ते म्हणून.

धडपड्या
सर, इस्त्रीचा हिशोब फार आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. कारण हे काम लोकांनी करून दाखवलंय! २०१९ साली एलियनवेअरच्या एरिया-५१एममध्ये आय९-९९००के मिळत होता. डेस्कटॉपची चिप, डेस्कटॉपचा सॉकेट (चिप काढता-घालता येणारी बैठक), डेस्कटॉपचा झेड३९० चिपसेट. त्याआधी २०१७ला आसुसने रायझन ७ १७०० लॅपटॉपमध्ये घातला, आठ कोअर, तोही सॉकेटवर. म्हणजे जमतं. करायचं नाहीये एवढंच. काजवाच्या मताला माझं अनुमोदन.

जुनाट_स्क्रू
धडपड्या, जमतं हे खरं, पण काय किंमत मोजून जमतं ते ज्याने ही मशीनं उघडलीत त्याला विचार. मी वीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय.

ही काही अलीकडची गोष्ट नाही. २००२-०४च्या सुमाराला कितीतरी लॅपटॉपमध्ये सरळ डेस्कटॉपचा पेंटियम ४ घालायचे. तळाला हात लावून आतली चिप ओळखता यायची. मग क्लेव्हो या लॅपटॉप कंपनीची मशीनं आली. २००९चं त्यांचं डी९००एफ, त्यात डेस्कटॉपचा कोअर आय७ बसायचा, १३० वॅटचा, वजन ५ किलोच्या पुढे. पुढे २०१५चं पी८७०डीएम, त्यात ६७००के, ९१ वॅटची चिप, आणि दोन ग्राफिक्स कार्डं घेतली की ३३० वॅटचे दोन अडॅप्टर एका डबीत जोडून ते मशीन चालवायचं. तू म्हणतोस त्या एरिया-५१एमलाही ग्राफिक्स कार्ड वरचं घेतलं की दोन अडॅप्टर होते, एक ३३०चा, एक १८०चा.

असं एक जुनं क्लेव्हो मागे टेबलावर आलं होतं. झाकण काढलं तर आतला अर्धा पसारा नुसतं तांबं. अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्या, बोटाएवढे रुंद पाइप, चार कोपऱ्यांत चार जाळ्या. प्रोसेसरच्या खटक्याची दांडी उचलली, चिप हातात आली, अगदी डेस्कटॉपसारखी. खरं सांगतो, असं मशीन उघडताना फार समाधान वाटायचं, प्रत्येक भाग सुटा, प्रत्येक स्क्रूला हात पोचतो. पण ते परत बंद करून उचललं तेव्हा दोन्ही हात लागले.

मधुरा_लिहिते
मी वापरलंय तसं मशीन, साडेतीन वर्षं. सिनेमांचं रंगसंस्करण करायचे, लोकेशनवरच फुटेज बघून द्यावं लागायचं. काम उत्तम व्हायचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लॅपटॉप चार किलो, अडॅप्टर दीड किलो, पाठीवर ती बॅग घेऊन चार मजले चढले की पहिली दहा मिनिटं माऊस धरवायचा नाही. आणि बॅटरीवर? चाळीस मिनिटं, तीही नुसतं लिहिण्यासाठी. रेंडर लावला तर मशीन स्वतःच निम्म्या वेगावर यायचं.

धडपड्या, तुझा मुद्दा कळतो, पण 'करून दाखवलं' म्हणताना उचलणाऱ्याची पाठही हिशोबात धर रे.

धडपड्या
मधुराताई, पाठीचा मुद्दा मान्य. थंडीत मात्र आमच्या मांजरीचा या प्रोसेसरांना पूर्ण पाठिंबा आहे, अडॅप्टरवरून हलत नाही ती :)

ओसाड_माळ
मांजरीचा फोटो टाका आधी.

काजवा
उष्मागतिक सर, जुनाट_स्क्रू, मनापासून धन्यवाद. उष्णतेचं गणित समजलं. पण एक कळलं नाही. पहिलं अर्धं मिनिट सुसाट पळतं ते कसं? तेव्हा उष्णता कुठे जाते? आणि बॅटरीवर निम्म्या वेगावर का यायला लागतं, मधुराताईंच्या मशीनचं?

उष्मागतिक
पहिलं अर्धं मिनिट तुम्ही उधारीवर पळता. तांबं, पात्या, चेसिस हे सगळं सुरुवातीला थंड असतं. ते तापेपर्यंत उष्णता त्यातच साठते, हवेत कमी जाते. एकदा सगळं तापलं की मग हवा जेवढं नेईल तेवढंच. इंटेलच्या चिपमध्ये यासाठी दोन मर्यादा ठरवलेल्या असतात, एक थोड्या वेळासाठीची, एक कायमची, आणि वरच्या मर्यादेवर किती सेकंद राहायचं ती मुदत. ती मुदत अनेकदा २८ किंवा ५६ सेकंदांची असते. तुमचं अर्धं मिनिट तिथून आलं असणार.

आता आकडे बघा. आय९-१३९००के डेस्कटॉपमध्ये, मूळ १२५ वॅट, वरची मर्यादा २५३. त्याच सिलिकॉनचा लॅपटॉपमधला भाऊ आय९-१३९८०एचएक्स, मूळ ५५, वरची १५७. कोअर दोघांनाही २४. कायमची मर्यादा किती ठेवायची हे पुढे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, त्याच्या कूलिंगला पेलेल तशी. म्हणून एकाच नावाची चिप एका मशीनमध्ये सतत ८० वॅटवर चालते, दुसऱ्यात १३०वर. खोक्यावर प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात छापतात आणि तो सतत किती वॅटवर चालेल हे मात्र कुठेच लिहीत नाहीत. काजवा, तुमचा राग इथे असायला हवा, पातळपणावर नाही. तो एक आकडा छापला तर हे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

एक दिलासा देतो. चिप जी वीज खाते ती साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या पटीत. फ्रिक्वेन्सी खाली आणली की व्होल्टेजही खाली आणता येतं. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवा, ०.८ तीनदा गुणा, येतात ०.५१. वेग पाचवा हिस्सा गेला, वीज निम्मी झाली. तुमचंच बघा, मित्राचा डेस्कटॉप २५० वॅट खात असेल आणि तुमचा १००च्या आसपास, तरी वेळ अडीचपट नाही लागला, दीडपटच लागला. डेस्कटॉपची चिप शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज अक्षरशः ओतत असते.

बॅटरीचं नंतर लिहितो, मीटिंग आहे.

टंकलेखक
बॅटरीचं मी सांगतो. विमानात आधी परवानगी न घेता नेता येणारी लॅपटॉपची बॅटरी जास्तीत जास्त १०० वॅट-तासांची, म्हणून मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ किंवा ९९.९ वर येऊन थांबते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून २०० वॅट ओढले तर अर्ध्या तासात गार. शिवाय सेलमधून एका दमात किती करंट काढायचा यालाही मर्यादा आहे, म्हणून चार्जर काढला की मशीन स्वतःच मर्यादा खाली आणतं.

आणि करंटचा विषय निघालाच आहे तर, उष्णतेच्या नादात सगळे विसरतात ते व्हीआरएम, म्हणजे चिपला हव्या त्या व्होल्टेजची वीज पुरवणारी जुळणी. चिपला मिळतं एक-सव्वा व्होल्ट. १.२ व्होल्टवर १५० वॅट म्हणजे १२५ अँपिअर! एवढा करंट पुरवायला चिपच्या भोवती मॉस्फेट आणि कॉइलची रांग लागते, ती स्वतः तापते, तिलाही थंड ठेवावं लागतं. डेस्कटॉप बोर्डावर तिच्यासाठी ॲल्युमिनियमचे ठोकळे असतात. लॅपटॉपमध्ये तीच रांग एका बोटाएवढ्या पट्टीत कोंबायची, वर थर्मल पॅडचा तुकडा, की झालं.

आप्पा६४
धागा उशिरा पाहिला. सगळ्यांचं वाचलं, फार छान चाललंय. पण इतिहासातली एक मोठी गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहितो. लॅपटॉपमध्ये चिप मावली नाही म्हणून एका कंपनीने अख्खी प्रोसेसरची जात बदलली!

२००३च्या जूनमध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ आणला, आत आयबीएमचा पॉवरपीसी ९७०. भला मोठा ॲल्युमिनियमचा टॉवर, आत नऊ पंखे. स्टीव्ह जॉब्सने तेव्हा सांगितलं की वर्षभरात ३ गिगाहर्ट्झला पोचू. पोचले नाहीत. २००४च्या २.५ गिगाहर्ट्झच्या दोन प्रोसेसरवाल्या मॉडेलला तर लिक्विड कूलिंग लावावं लागलं. आणि आमच्यासारखे लोक जी५चा पॉवरबुक (ॲपलचा तेव्हाचा लॅपटॉप) कधी येतोय म्हणून डोळे लावून बसलो होतो. तो आलाच नाही. पॉवरबुक शेवटपर्यंत जी४वरच राहिला. २००५च्या जूनमध्ये जॉब्सने जाहीर केलं की आम्ही इंटेलकडे जातोय, आणि कारण सांगितलं ते दर वॅटमागे मिळणाऱ्या कामाचं. तेव्हाच्या स्लाइडवर पॉवरपीसीला १५ आणि इंटेलला ७० असे आकडे होते.

आता दुसरी बाजू. इंटेल तेव्हा स्वतः तरी कुठे सुखात होती? पेंटियम ४ची पाइपलाइन (आज्ञा टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी रांग) नॉर्थवूड आवृत्तीत २० टप्प्यांची, ती पुढच्या प्रेस्कॉटमध्ये ३१ झाली, गिगाहर्ट्झ वाढले आणि वीज ११५ वॅटपर्यंत गेली. त्याच वेळी इस्राएलमध्ये हैफाच्या टीमने वेगळीच वाट धरली होती. २००३च्या मार्चमध्ये त्यांचा पेंटियम एम आला, १.६ गिगाहर्ट्झ, २४.५ वॅट. तो आकड्याने निम्म्या वेगाचा दिसायचा, पण प्रत्येक ठोक्याला काम जास्त करायचा. पेंटियम ४च्या बरोबरीने चालायचा आणि मांडीवर ठेवता यायचा. मी स्वतः वापरलाय, रात्री घरातले झोपले की पंखा फिरतोय का हे कान लावून बघायचो. पुढे गंमत म्हणजे लोकांनी तोच लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये बसवायला सुरुवात केली, आसुसने त्यासाठी अडॅप्टर कार्डही काढलं होतं. आणि २००६ला आलेला कोअर २, तो त्याच घराण्यातला. म्हणजे शेवटी लॅपटॉपच्या चिपनेच डेस्कटॉप जिंकला.

म्हणून धडपड्या, तुझ्या जाड तांब्याच्या मशीनचं मला कौतुक आहे, पण गाडी पुढे गेली ती दरवेळी चिपची भूक कमी झाली तेव्हा.

निशाचर
आप्पा, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

धडपड्या
आप्पा, लेख होईल याचा. पण तुम्ही सांगितलंत त्यातूनच माझा एक मुद्दा निघतो. तेव्हा लॅपटॉपची चिप सुटी करून डेस्कटॉपमध्ये घालता येत होती. आज? इंटेलच्या लॅपटॉप चिपा हॅसवेल पिढीपर्यंत सॉकेटवर मिळायच्या, त्यापुढच्या ब्रॉडवेलपासून सगळ्या बोर्डावर डकवलेल्या. एएमडीचा २०२३चा रायझन ९ ७९४५एचएक्स, १६ कोअर, आतली चिपलेट (चिपचा कोअर असलेला सुटा तुकडा) डेस्कटॉपचीच, पण तीही डकवलेली. उद्या चिप गेली की बोर्ड गेला, बोर्डासोबत ग्राफिक्स गेलं. याचा मला मनापासून राग आहे. उष्णतेचं कारण समजू शकतो, याचं काय कारण?

उष्मागतिक
तुमचा राग रास्त आहे, पण कारण पुन्हा उंचीचंच आहे. डेस्कटॉपच्या चिपवर धातूची टोपी असते, खाली सॉकेट असतो, त्यावर दाबून धरणारी चौकट. हे सगळं काढून चिप थेट डकवली की काही मिलीमीटर वाचतात, आणि जिथे अख्खी जाळीच काही मिलीमीटरची तिथे ते सोन्याच्या भावाचे असतात. टोपी गेली की आणखी एक फायदा, उष्णतेच्या वाटेतला एक थर कमी झाला, सिलिकॉन थेट तांब्याला भिडतं. त्याच वॅटला चिप थोडी थंड राहते.

तोटा असा की उघडं सिलिकॉन फार लहान. ७९४५एचएक्समधल्या आठ कोअरच्या एका चिपलेटचं क्षेत्रफळ ७१ चौरस मिलीमीटरच्या आसपास. एवढ्याशा ठिपक्यातून साठ-सत्तर वॅट निघतात. तिथे पेस्टची चूक अजिबात चालत नाही.

धडपड्या
दुरुस्तीच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, पण कारण कळलं. धन्यवाद सर.

ओसाड_माळ
सगळं खरं, पण काजवासाठी सरळ उपाय सांगू का? एक छोटा डेस्कटॉप घरी ठेवायचा, अंगावर हलका लॅपटॉप, आणि रेंडर दुरून घरच्या मशीनवर टाकायचं. एवढी मारामारी कशाला?

काजवा
ओसाड_माळ, करून बघितलंय. एका सीनचा डेटा कधीकधी ८०-९० जीबी असतो आणि स्टुडिओतल्या इंटरनेटवर तो ढकलेपर्यंत क्लायंट समोर बसून घड्याळ बघतो. शिवाय काही जण फाइल स्टुडिओबाहेर जाऊच देत नाहीत. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, माझं मशीन माझ्यासोबतच हवं.

मधुरा_लिहिते
+१. क्लायंट शेजारी असताना "वर जातंय, जातंय" म्हणत बसण्यासारखी लाजिरवाणी अवस्था नाही.

जुनाट_स्क्रू
काजवा, एक विचारायचं राहिलं. दोन वर्षांत मशीन कधी उघडून साफ केलंयस का?

काजवा
नाही. वॉरंटी होती म्हणून हात लावला नाही. मागच्या महिन्यात संपली.

जुनाट_स्क्रू
मग सगळ्यात आधी ते कर. पंखा आणि पात्यांची जाळी यांच्यामध्ये धूळ नुसती साचत नाही, तिथे तिचा पट्टा तयार होतो. करड्या रंगाचा, नमद्यासारखा, चिमट्याने एका कडेला धरला की अख्खा निघतो. बाहेरून फुंकणी मारून तो निघत नाही, उलट जाळीत घट्ट बसतो. पंखा उचलूनच काढायचा. मी असे पट्टे काढलेत की त्यांच्या आरपार प्रकाश दिसत नव्हता. सरांनी सांगितलेली ती सहा लिटर हवा तिथून जाणार कशी?

दुसरं पेस्ट. उघड्या सिलिकॉनवर साधी पेस्ट वर्ष-दीड वर्षात बाजूला सरकते. चिप तापते, थंड होते, तापते, थंड होते, प्रत्येक वेळी तांबं आणि सिलिकॉन वेगवेगळं फुगतं-आकसतं आणि मधली पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. हीटसिंक उचलला की दिसतं, मध्ये सिलिकॉन आरशासारखं उघडं आणि भोवती पेस्टची महिरप. यावर माझा अनुभव फेज चेंज पॅडचा चांगला आहे, पीटीएम७९५० नावाने मिळतो तो. थंड असताना मेणचट, तापला की मऊ होऊन पसरतो, आणि सरकत नाही.

आधी बघ मात्र आत लिक्विड मेटल आहे का. बऱ्याच महागड्या मशीनमध्ये कारखान्यातूनच असतं, चकचकीत पाऱ्यासारखं दिसतं. ते गॅलियमचं मिश्रण. त्यातून वीज वाहते, थेंब चिपशेजारच्या कपॅसिटरवर गेला की खेळ खलास, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर धातू भुसभुशीत होतो. तसं दिसलं तर झाकण लाव आणि जाणकाराकडे ने. मागच्या वर्षी एक मुलगा व्हिडिओ बघून स्वतः भरून आला होता, दुप्पट ओतलेलं, बोर्ड आडवा धरला तर थेंब मेमरीच्या दिशेने धावत होता. वाचलं ते मशीन, पण दोन दिवस भिंग लावून बसावं लागलं मला.

टंकलेखक
अंडरव्होल्टही करून बघा म्हणतो. तेवढ्याच वेगाला जरा कमी व्होल्टेज, उष्णता कमी. फक्त २०१९च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली, व्होल्टेज खाली-वर करून चिपच्या सुरक्षित कप्प्यातल्या हिशोबात चुका घडवता यायच्या, तेव्हापासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे बंद करून ठेवलंय. काही एचएक्स मशीनच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) अजून सोय असते. बघा आहे का.

निशाचर
हीट पाइपच्या आत काय असतं? मला इतके दिवस वाटायचं की तो भरीव तांब्याचा असतो.

उष्मागतिक
पोकळ असतो. आत हवा काढून टाकलेली, अगदी थोडं पाणी, आणि भिंतीला तांब्याच्या बारीक दाण्यांचा सच्छिद्र थर. दाब कमी असल्यामुळे पाणी १०० अंशाच्या बऱ्याच खाली उकळतं. चिपच्या टोकाला वाफ होते, वाफ जाळीच्या टोकाला जाऊन उष्णता सोडते, पाणी होतं आणि सच्छिद्र थरातून परत येतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. पंप नाही, आवाज नाही, झिजणारं काही नाही. १९६३ला लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हरने हे अवकाशातल्या वापराच्या दृष्टीने केलं होतं. मला आजही दरवेळी नवल वाटतं.

लॅपटॉपची अडचण इथेही आहे. गोल पाइप चपटा केला की आत वाफेला वाट कमी उरते आणि त्याची वाहण्याची क्षमता घसरते. पातळ मशीनची किंमत इथे मोजावी लागते. म्हणून काही जण पाइप सोडून अख्खी चपटी वाफेची पेटी वापरतात, व्हेपर चेंबर. आणि काजवा, ग्राफिक्स कार्डही बहुतेक त्याच पाइपांवर बसलेलं असतं. फक्त प्रोसेसरवर रेंडर करताना ते रिकामं ठेवलंत तर त्याचा वाटा प्रोसेसरला मिळतो.

काजवा
मंडळी, नऊ दिवसांनी परत आलो. सगळं करून बघितलं, मूळ प्रश्नासकट सांगतो.

लिक्विड मेटल नव्हतं, साधी पेस्ट होती. जुनाट_स्क्रू म्हणाले तसंच, हुबेहूब, मध्ये आरसा आणि कडेला महिरप. धुळीचा पट्टा डाव्या पंख्यामागून निघाला, जवळजवळ करंगळीएवढा लांब. फेज चेंज पॅड लावला. व्ह्यूपोर्टमध्ये (सॉफ्टवेअरच्या काम करायच्या खिडकीत) सीनचं प्रिव्ह्यू चालू ठेवायची सवय होती ती रेंडरच्या वेळी बंद केली, म्हणजे ग्राफिक्स कार्ड मोकळं. मशीनची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली.

तीच फाइल, ४६ऐवजी ३९ मिनिटं. मग उष्मागतिक सरांचं ०.८चं गणित डोक्यात होतं म्हणून कायमची मर्यादा हाताने ९० वॅटवर आणली. ४१ मिनिटं लागली. दोन मिनिटं जास्त, पण पंख्यांचा आवाज एवढा उतरला की शेजारी बसून फोनवर बोलता आलं. वरच्या पट्टीला चटका नाही. आता कायम तसंच ठेवणार.

मत बदललं का? कंपन्या मुद्दाम हात आखडतात हे मागे घेतो. ३१ मिनिटं मला या जाडीत मिळणार नाहीत हे मान्य. पण सतत किती वॅट ते छापत नाहीत हा राग आता दुप्पट आहे, कारण तो आकडा माहीत असता तर मी याच चिपचं थोडं जाड मशीन आनंदाने घेतलं असतं.

फक्त एक झालंय. झाकण बंद केल्यावर एक स्क्रू उरला.

जुनाट_स्क्रू
केवढा आहे? आखूड, चपट्या डोक्याचा असेल तर तो बहुधा हीटसिंकचा. त्यावर आकडे कोरलेले असतात, १ ते ४ किंवा जास्त, त्याच क्रमाने तिरपे तिरपे थोडे थोडे आवळायचे. एक नसेल तर दाब एका बाजूला जातो आणि पॅड नीट पसरत नाही. आज रेंडर लावू नकोस. उघड, फोटो टाक, मी आहे अकरापर्यंत.

काजवा
उघडतोय. पाच मिनिटांत टाकतो.